गादी घेताना दोघांनी मधोमध झोपून बघा, आम्ही लाजलो आणि ३१ हजारांना फसलो

हे लिहायला संकोच वाटतोय पण लिहितेच, कारण परवा माझी चुलत बहीण ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या त्याच दुकानात गादी बुक करून आली आणि सेल्समनने तिला शब्दन् शब्द तेच सांगितलं जे मागच्या दसऱ्याला आम्हाला सांगितलं होतं. दुकानाचं नाव इथे टाकत नाही, पण जे केलं ते सगळं सांगते.

आम्ही मानपाड्याला राहतो, लग्नाला ६ वर्षं झाली. नवरा महापेला शिफ्टमधे आहे, आठवड्यातले ३-४ दिवस घरी यायला रात्रीचा दीड वाजतो, आणि आम्हाला दोघांनाही चिकटून झोपायची सवय आहे, दिवसभरात एकमेकांना मिळतो तो वेळ तेवढाच. त्यामुळे कॉयरची, म्हणजे काथ्याची जुनी गादी बदलायची असं ठरवून बसलो होतो, तिला मधे खड्डा पडला होता आणि दोघांच्याही कंबरा धरायच्या.

दुकानात गेलो तर ऑफर लागलेली, ६२ हजारांची गादी ३१ हजारांना. सेल्समन गोड बोलणारा, "दादा, वहिनी, बिनधास्त झोपून बघा". आता बघा, रविवारची संध्याकाळ, आजूबाजूला चार फॅमिल्या, त्यांची पोरं गाद्यांवर उड्या मारतायत, तिथे नवरा-बायकोने मधोमध जवळजवळ कसं झोपायचं? आम्ही दोन कडांना पाठीवर सरळ एक-एक मिनिट पडलो आणि उठलो. मग त्याने एका कोपऱ्यात पाण्याचा ग्लास ठेवला आणि दुसऱ्या कोपऱ्यात हाताने जोरात दाबलं, ग्लास हलला नाही, म्हणे ही पॉकेट स्प्रिंग, दादा रात्री कितीही वाजता आले तरी वहिनींना कळणार नाही. एक कापलेला नमुना पण दाखवला, आत प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या कापडी पिशवीत, वर २ इंच फोम, ४० डेन्सिटी (फोम किती भरीव आहे त्याचं माप). मला तो नमुना बघून खात्री पटली. आणि तो नमुना खरंच चांगला होता, फक्त आमच्या घरी आलेली गादी ती नव्हती.

आमचा बेड ७५ बाय ६० चा, दुकानात तयार साइज ७८ बाय ६०, म्हणून कस्टम बनवून देतो म्हणाला. इथेच पहिली अडकवणूक, कस्टम माल परत होत नाही. १० हजार ॲडव्हान्स कुणाच्यातरी पर्सनल नंबरवर जीपे केले, "जीएसटी बिल पाहिजे तर १८ टक्के वेगळे" असं म्हणाला आणि आम्ही पैसे वाचतील म्हणून साधी पावती घेतली. पावतीवर काय लिहिलं होतं माहितीये? "गादी ७५×६०, १ नग". बस. ना मॉडेल, ना स्प्रिंगचा प्रकार, ना डेन्सिटी. एवढंच बरं केलं की मी घरी येऊन व्हॉट्सॲपवर विचारलं होतं, पॉकेट स्प्रिंगच ना, ८ इंच ना, आणि त्याने "हो वहिनी कन्फर्म" लिहिलं होतं. ते चॅट मी डिलीट केलं नाही.

गादी रात्री ९ ला टेम्पोने आली, प्लास्टिकमधे शिवून पॅक, पोरं घाईत, उरलेले २१ हजार कॅश घेऊन गेली. कडेवर बसून बघितलं तर मस्त कडक वाटली. हीच दुसरी फसवणूक आहे आणि ती मला खूप उशिरा कळली, कारण आपण सगळे गादी बघताना कडेवरच बसून दाबून बघतो.

दोन आठवड्यांत नवरा आला की मी दचकून उठायला लागले, तो कुशीवर वळला की माझ्या बाजूची गादीपण वर-खाली व्हायची, कर्रकर्र आवाज. तीन महिन्यांत मधे झोळी झाली. आम्ही जवळ झोपणार म्हणजे त्याचे ८४ आणि माझे ६२ मिळून जवळजवळ १४६ किलो रोज मधल्या दोन-अडीच फुटांवरच येणार, कडा रिकाम्याच राहणार. लांब-लांब झोपणाऱ्या जोडप्याचं वजन दोन बाजूंना वाटलं जातं, त्यांना कदाचित हाच माल वर्षभर टिकला असता. आम्ही मधे चादरीची घडी घालून बघितलं, गादी फिरवून बघितली, (उलटी करता येत नव्हती, वरच्या बाजूलाच फोम होता). शेवटी नवरा सतरंजी टाकून खाली झोपायला लागला. सहा वर्षांत पहिल्यांदा आम्ही वेगळे झोपत होतो, तेही भांडण नसताना, आणि त्या दिवसांत मी खरंच रडले आहे.

दुकानात गेलो तर म्हणे वॉरंटी १० वर्षांची आहे पण कार्डावर बघा, दीड इंचाच्या वर खड्डा असेल तरच. घरी येऊन या कडेपासून त्या कडेपर्यंत दोरी ताणली, मधे फुटपट्टी उभी केली, सव्वादोन इंच भरला, फोटो पाठवला. मग म्हणे तुमच्या बेडची प्लाय बसलीय. प्लायवर दोरी लावून फोटो पाठवला, सरळ. मग फोन उचलणं बंद.

शेवटी कळव्याच्या एका गादीवाल्या काकांना घरी बोलावलं, त्यांचा हा पिढीजात धंदा. त्यांनी कोपऱ्यातली शिवण ब्लेडने हळूच उसवली आणि मला आत हात घालायला सांगितला. पिशव्या नव्हत्याच! उघड्या स्प्रिंगा, एकमेकींना गोल पिळाच्या तारेने बांधलेल्या, याला बोनेल म्हणतात. एक दबली की शेजारची ओढली जाते, म्हणून नवरा वळला की मी हलायचे. बोनेल वाईटच असते असं नाही, स्वस्त असते आणि तशी सांगून विकली तर काहीच हरकत नाही. आणि चारी कडांना रीबॉन्डेडच्या पट्ट्या, म्हणजे फोमचा रंगीबेरंगी चुरा दाबून केलेला कडक तुकडा. कडेवर बसलं की कडक का वाटायचं ते तेव्हा कळलं.

मग काकांनी वरच्या फोमचा एक फूट बाय एक फूट तुकडा कापला, २ इंच जाड, आणि माझ्या किचनच्या वजनकाट्यावर ठेवला. १०५ ग्रॅम. ४० डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन ४० किलो, त्या हिशोबाने हा तुकडा १९० ग्रॅमच्या आसपास भरायला हवा होता, म्हणजे आम्हाला २२ च्या आसपासचा फोम दिला होता. काका म्हणाले, "ताई, हा सोफ्याच्या पाठीला लावतात, याच्यावर झोपत नाहीत."

या सगळ्याचे फोटो, काट्याचा फोटो, चॅट घेऊन १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, नंबर मिळाला. दुकानदाराला मी हेपण कळवलं की २०१९ च्या ग्राहक कायद्याने मी जिथे राहते तिथल्याच जिल्हा ग्राहक आयोगात केस करू शकते आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. तेव्हा कुठे मालकाचा स्वतःहून फोन आला. बरीच घासाघीस होऊन १४ हजार परत मिळाले, गादी घेऊन गेले. पक्कं बिल असतं तर मी पूर्ण पैशांसाठी लढले असते, पण साधी पावती आणि २१ हजार कॅश, नवरा म्हणाला सोड.

नवीन गादी घेताना आम्ही मंगळवारी दुपारी गेलो, दुकान रिकामं असतं. आणि सरळ सांगितलं की आम्ही मधे जवळ झोपतो, तसं पंधरा मिनिटं झोपून बघणार. त्या माणसाने पंखा लावून दिला आणि बाजूला गेला, कुणी हसलं नाही. चार गाद्यांवर झोपलो. मेमरी फोम तिथल्या तिथे गरम वाटायला लागला, दोघं जवळ आणि त्यात आपल्याकडचा दमटपणा, तो नको म्हटलं. चेन असलेल्या कव्हरची पॉकेट स्प्रिंग घेतली, चेन उघडून आत बघितलं, डिलिव्हरीलापण पोरांना थांबवून आधी चेन उघडली आणि मग पैसे दिले. बिलावर मॉडेल, पॉकेट स्प्रिंग, फोमची डेन्सिटी, सगळं लिहून घेतलं.

बहिणीचे ५ हजार ॲडव्हान्स अजून त्या दुकानात अडकलेत. तिने काल "पॉकेट स्प्रिंग आणि ४० डेन्सिटी असं बिलावर लिहून द्याल का" असा मेसेज टाकलाय, निळ्या टिक आल्यात, उत्तर नाही. आज संध्याकाळी मी आमचे फोटो आणि चॅटची प्रिंट घेऊन तिच्यासोबत जातेय.