दाढ काढल्यावरची कळ आणि ‘सडलेल्या’ हाडाचं पॅकेज

खालची अक्कलदाढ काढल्यावर दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी कळ सुरू झाली, ती थेट कानात आणि कानशिलात. तोंडाला घाण वास, गोळीचा असर उतरला की पुन्हा तेच. दाढ काढणाऱ्या डॉक्टर बाहेरगावी होत्या, म्हणून जाहिरात पाहून एका चकचकीत दवाखान्यात गेले.

तिथे तोंडात बारका कॅमेरा घातला. समोरच्या पडद्यावर तो खड्डा विहिरीएवढा दिसत होता, तळाशी काहीतरी पांढरट-करडं. “हे हाड. सडायला लागलंय.” मग एक्स-रे. दाढेच्या जागी काळा भाग. “बघा, हाड खाल्लं गेलंय. शेजारची दाढही जाणार. आजच लेझर केलं नाही तर पुढे जबडा उघडावा लागेल.” एवढं बोलून डॉक्टर उठले आणि एक बाई फाइल घेऊन बसल्या. लेझरची सत्रं, सलाइनमधून अँटिबायोटिक, शेजारची दाढ काढून इम्प्लांट. “ताई, आज भरलंत तर सवलत, उद्या हा दर नाही.” कळवळणाऱ्या माणसाला घासाघीस सुचत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. पैसे भरले, पहिलं लेझर झालं, कळ तसूभर हलली नाही. एक्स-रे मागितला तर म्हणे सिस्टिममध्ये आहे. पावतीवर नुसतं ‘डेंटल प्रोसिजर’.

आमच्या डॉक्टर परतल्यावर त्यांनी आरशानं पाहिलं आणि लगेच सांगितलं, ड्राय सॉकेट. दाढ काढलेल्या खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते, तीच हाडाला झाकते. ती निघाली किंवा विरघळली की हाड उघडं पडतं आणि जीव घेणारी कळ येते. दात काढलेल्या शंभरातल्या 2 ते 5 जणांना हे होतं; खालच्या अक्कलदाढेत, आणि सिगारेट ओढणाऱ्यांत, बरंच जास्त. उघडं हाड दिसणं म्हणजे सडणं नव्हे. आणि एक्स-रेतला तो काळा भाग? तो रिकामा खड्डाच! दाढ काढल्यावर कोणाचाही एक्स-रे काढा, तसाच दिसतो. नवं हाड भरायला कित्येक महिने लागतात. शेजारची दाढ ठणठणीत होती.

त्यांनी सलाइननं खड्डा धुतला आणि युजेनॉलची, म्हणजे लवंगेच्या तेलातल्या औषधाची पट्टी आत ठेवली. घरी पोचेपर्यंत मी माणसात आले. अँटिबायोटिक दिलंच नाही, संसर्ग नव्हता. पट्टी अधूनमधून बदलायची, साध्या वेदनाशामक गोळ्या घ्यायच्या. बहुतेकांचं हे दुखणं आठवडा-दहा दिवसांत आपोआप बरं होतं.

ताप, वाढती सूज, पू, तोंड न उघडणं, गिळायला किंवा श्वासाला त्रास, यांतलं काही असेल तर मात्र थांबू नका, लगेच गाठा डॉक्टरांना. पण नुसती कळ आहे आणि कोणी शेजारचा दात काढायला निघालंय, तर एक्स-रेची प्रत आणि निदान लेखी मागा, खड्डा धुऊन पट्टी का ठेवत नाही ते विचारा, आणि पैसे भरण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.

न झालेल्या सत्रांचे पैसे मी लेखी मागितलेत. “अकाउंट्सला कळवलंय, ताई,” हे उत्तर अजून चालू आहे.