आयकॉन्व्ह: पोर्तुगीज नावं वाचली, इस्कीला मात्र दुसरं दार

गेल्या पावसाळ्यात फोंड्याजवळच्या एका वाचनालयाची ग्रंथसूची यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या लिप्या संगणकात साठवायच्या आजच्या पद्धतीत, आणायचं काम माझ्याकडे आलं. डिचोलीहून आठवड्यातून दोनदा बसने जायचे. जुना प्रोग्राम सीमधला होता, म्हणून लिनक्सवरच्या जीलिबसी या सीच्या मूळ लायब्ररीबरोबर मिळणारं आयकॉन्व्हच वापरलं. ते एका पद्धतीतला मजकूर दुसऱ्या पद्धतीत बदलतं. वेगळं काही बसवावं लागत नाही, पैसे लागत नाहीत. फंक्शन्स तीनच: उघडायचं, रूपांतर करायचं, बंद करायचं. उघडताना मात्र 'कशात' आधी आणि 'कशातून' नंतर द्यायचं. हा क्रम भिंतीवर लिहून ठेवा.

पोर्तुगीज पुस्तकांच्या फाइलीपासून सुरुवात केली. पहिली छपाई घेऊन ग्रंथपाल काका आले आणि म्हणाले, "बाय, हे कोण लेखक? असं नाव गोंयात कुणाचं नाही." कोन्सेसांव या आडनावात सेडिलावाला सी असतो. त्याच्या जागी टिल्ड चढवलेला मोठा ए आणि कायद्याच्या पुस्तकातली कलमाची खूण आली होती. तो सी यूटीएफ-८ मध्ये १९५ आणि १६७ असे दोन बाइट्स घेतो. फाइलीतल्या काही नोंदी आधीच यूटीएफ-८ मध्ये होत्या आणि मी सरसकट सगळ्यांना लॅटिन-१, म्हणजे पश्चिम युरोपच्या भाषांची जुनी पद्धत, समजून पुन्हा फिरवलं होतं. लॅटिन-१ मध्ये प्रत्येक बाइटला काही ना काही अर्थ असल्यामुळे आयकॉन्व्हनं तक्रार केली नाही.

मग ओळ आधीच यूटीएफ-८ आहे का हे कळावं म्हणून प्रत्येक ओळ आधी यूटीएफ-८ मधून यूटीएफ-८ मध्येच फिरवून पाहिली. विंडोज-१२५२ या लॅटिन-१ च्या विंडोजवरच्या भावंडात तोच सी २३१ आणि त्याच्या पुढचा टिल्डवाला ए २२७ असतो. यूटीएफ-८ च्या नियमानं २३१ नंतर १२८ ते १९१ मधलाच बाइट यायला हवा, म्हणून आयकॉन्व्ह तिथंच थांबतं आणि ईआयएलएसईक्यू, म्हणजे 'बाइट्सचा क्रम चुकीचा', ही चूक देतं. अशी ओळ विंडोज-१२५२ समजून फिरवायची. लॅटिन-१ म्हणू नका, कारण १४७ आणि १४८ वरची वळणदार अवतरणचिन्हं तिथं नियंत्रण-खुणा होतात. दुसऱ्या छपाईत काकांनी आडनावं एकेक करून मोठ्यानं वाचली, आणि एकही अडलं नाही.

एक चूक सांगायलाच हवी, तिनं माझे दोन दिवस खाल्ले. आयकॉन्व्ह चूक झाली की वजा एक परत देतं, पण त्या आकड्याचा प्रकार साइझ_टी, म्हणजे चिन्हाविना, त्यात ऋण संख्या नसतेच. 'शून्याहून कमी' ही अट कधीच खरी होत नाही. वजा एकलाच साइझ_टी करून त्याच्याशी तुलना करा.

नव्या मराठी पुस्तकांची फाइल मी ४०९६ बाइट्सच्या तुकड्यांनी तपासली, आणि इथं या साधनावर माझा खरा जीव जडला. देवनागरीची प्रत्येक खूण, मग ते अक्षर असो की काना-मात्रा, तीन बाइट्स घेते, त्यामुळे तुकड्याच्या टोकाला अक्षर चिरतं. 'क' चे २२४ आणि १६४ इकडे, १४९ पुढच्या तुकड्यात. आयकॉन्व्ह अर्ध्या अक्षराचा अंदाज करत नाही. ते ईआयएनव्हीएएल, म्हणजे 'शेवटचं अक्षर अपुरं', अशी चूक देतं, कुठवर वाचलं ते दाखवणारा पॉइंटर त्या अक्षराच्या सुरुवातीशी ठेवतं आणि किती बाइट्स उरले तेही सांगतं. उरलेले बफरच्या, म्हणजे वाचलेले बाइट्स ठेवायच्या जागेच्या, सुरुवातीला सरकवायचे, त्यामागे नवा तुकडा वाचायचा. रूपांतर झालेल्या मजकुराच्या बफरची जागा संपली तर ई२बिग, म्हणजे तो बफर रिकामा करून पुन्हा हाक. न जमणारी अक्षरं गाळायचा 'इग्नोर' पर्याय मी ग्रंथसूचीत वापरणार नाही. माणसाच्या नावातलं अक्षर गाळायचा अधिकार मला नाही.

तक्रार एकच, पण मोठी. नव्वदच्या दशकातली मराठी सूची इस्कीत, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीच्या जुन्या पद्धतीत, होती, १९९१ च्या भारतीय मानकाप्रमाणे. जीलिबसीच्या आयकॉन्व्हला तमिळची तशीच पद्धत टीएस्की येते, इस्की येत नाही. हातानं करायला बसले तर युनिकोडमधला क्रमांक मिळवायला 'अ' च्या १६४ मध्ये २१४५ मिळवायचे आणि 'क' च्या १७९ मध्ये २१४६. शिवाय लागोपाठ दोन हलंत आले की अक्षरं जोडायची नाहीत, हलंत उघडा ठेवायचा. हे सगळं आयसीयू या दुसऱ्या लायब्ररीला ठाऊक आहे. ती बरीच अवजड आहे, तरी ती फाइल मी तिच्याकडेच दिली आणि उरलेल्या दोन आयकॉन्व्हवर ठेवल्या. आता काकांच्या टेबलावर तिन्हींची मिळून एकच यादी आहे. चतुर्थीनंतर ते ती कपाटांशी ताडून पाहणार आहेत.