वेबसाइटच्या लिंकसाठी ऑनलाइन डिरेक्टऱ्या: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमचे कास्टिंगच्या मशिनिंगचे छोटे वर्कशॉप आहे. वेबसाइट तयार झाल्यावर तिला दुसऱ्या साइटवरून लिंक मिळाव्यात आणि त्यामुळे ती गूगलच्या शोधात वर दिसावी, म्हणून गेल्या पावसाळ्यापासून डिरेक्टऱ्यांमध्ये, म्हणजे व्यवसायांच्या आणि वेबसाइटांच्या ऑनलाइन याद्यांमध्ये, नोंदी करण्याचे काम मी स्वतःच्या हातांनी केले. लिंक मिळवण्याचे साधन म्हणून या डिरेक्टऱ्यांना मी फार कमी गुण देईन. पत्ता आणि फोन नंबर गिऱ्हाइकापर्यंत पोहोचवण्यासाठी मात्र त्यांतल्या थोड्या खरोखर उपयोगी आहेत. नोंदींची पॅकेजे विकणारे या दोन गोष्टींची बेमालूम सरमिसळ करतात.

डिरेक्टरीतल्या लिंकला एके काळी वजन होते, यात शंका नाही. १९९४ साली याहूची सुरुवातच माणसांनी विषयवार लावलेल्या वेबसाइटांच्या यादीने झाली. १९९८ मध्ये सुरू झालेल्या डीमॉझमध्ये स्वयंसेवक संपादक साइट पाहून मगच ती दाखल करून घेत, आणि गूगलची स्वतःची डिरेक्टरी याच माहितीवर उभी होती. याहू तर व्यापारी साइटकडून वर्षाला २९९ डॉलर घेत असे. ते पैसे तपासणीचे असत आणि नोंद मिळेलच अशी हमी त्यात नसे. नकार मिळू शकत होता, म्हणूनच होकाराला किंमत होती. पुढे गूगलने आपली डिरेक्टरी २०११ मध्ये बंद केली, याहूची २०१४ च्या अखेरीस आणि डीमॉझ मार्च २०१७ मध्ये बंद झाली, पण ‘आधी डिरेक्टऱ्यांत नोंदी करा’ हा सल्ला मात्र अजून तसाच फिरतो आहे.

एका एसईओवाल्याने (वेबसाइट शोधात वर आणून देण्याचा धंदा करणाऱ्याने) शेकडो डिरेक्टऱ्यांत नोंद करून देण्याचे पॅकेज सुचवले होते. त्याने नमुन्यादाखल दिलेली यादी मी उघडून पाहिली. एकाच साच्यातून काढलेली पाने, नावे तेवढी निराळी, आणि औद्योगिक विभागात लेथच्या शेजारी जुगाराच्या साइटची जाहिरात. फुकट नोंद देणाऱ्या काही डिरेक्टऱ्यांत मी फॉर्म भरून पाहिला, तेव्हा कोणीही काहीही न तपासता नोंद मंजूर झाली. एकीने मात्र आधी त्यांची लिंक आमच्या पानावर लावण्याची अट घातली, आणि ती मी मान्य केली नाही. नंतर त्या नोंदींचे पत्ते गूगलमध्ये ‘साइट’ या आज्ञेने शोधले, तर त्यांतली बहुतेक पाने गूगलच्या साठ्यात सापडलीच नाहीत. ज्या पानाची शोधयंत्राने दखलच घेतलेली नाही, त्या पानावरच्या लिंकचा आपल्याला काय उपयोग होणार? गूगलने एप्रिल २०१२ मध्ये आपल्या क्रम लावण्याच्या पद्धतीत केलेल्या ‘पेंग्विन’ नावाच्या बदलाने अशा लिंकवर वाढलेल्या साइटांना मोठा फटका दिला होता, आणि हलक्या दर्जाच्या डिरेक्टऱ्यांतल्या लिंकचा उल्लेख गूगलच्या स्पॅमविषयक धोरणात नावानिशी आहे.

मोठ्या व्यापारी डिरेक्टऱ्यांची तऱ्हा वेगळी आहे. त्यांची पाने शोधात वर दिसतात, पण त्यांतल्या अनेकींत आपल्या वेबसाइटची थेट लिंकच नसते, कारण चौकशी त्यांच्यामार्फत यावी यातच त्यांचा धंदा आहे. जिथे लिंक असते, तिथे ती बहुधा नोफॉलो असते, म्हणजे ‘ही लिंक आमची शिफारस म्हणून धरू नका’ अशी शोधयंत्रासाठीची खूण तिच्यावर असते. लिंकवर उजवी क्लिक करून पानाचा कोड उघडला, की ते लगेच दिसते. नोफॉलोची ही सोय २००५ साली आली आणि २०१९ पासून गूगल तिला सक्त आदेश न मानता सूचना मानते. तरीही अशा लिंकच्या भरवशावर पैसे घालावेत असे मला वाटत नाही.

अशाच एका डिरेक्टरीचे सर्वांत स्वस्त पॅकेज मी चौकशांसाठी म्हणून घेतले. फोन भरपूर आले. त्यांतले निम्मे त्याच डिरेक्टरीच्या विक्री विभागाचे, याहून महाग पॅकेज घ्या म्हणून. एकच चौकशी अनेक वर्कशॉपना पाठवली जात असल्याने ड्रॉइंग हातात येण्याआधीच भावाची घासाघीस सुरू होई. ‘पंप हाउसिंग मशिनिंग’ असे स्पष्ट लिहूनही घरची मोटर दुरुस्त करून देणार का, असे विचारणारे कमी नव्हते. तरीही इचलकरंजीचे एक गिऱ्हाईक याच वाटेने आले आणि टिकले, हे नमूद केले पाहिजे.

खरा फायदा झाला तो पत्ता एकसारखा करण्यातून. आमचा पत्ता कुठे ‘शिरोली पुलाची’, कुठे ‘एमआयडीसी शिरोली’ असा होता, तालुका एका ठिकाणी हातकणंगले तर दुसऱ्या ठिकाणी करवीर, आणि आम्ही कधीही न केलेल्या दोन-तीन नोंदींत बंद पडलेला लँडलाइन नंबर झळकत होता. गूगल बिझनेस प्रोफाइलवर (गूगलच्या शोधात आणि नकाशावर दिसणाऱ्या आमच्या नोंदीवर) जसे नाव, पत्ता आणि नंबर आहेत, अगदी तसेच ते सगळीकडे करून घेतले. नवी नोंद दहा मिनिटांत होते, पण जुनी दुरुस्त करून घ्यायला आठवडे जातात, कारण ओटीपी त्या बंद नंबरवरच पाठवला जातो. हे काम उरकल्यानंतर नकाशा पाहून थेट गेटवर येणारे लोक वाढले आणि ‘नेमके कुठे आहात’ असे विचारणारे फोन कमी झाले.

लिंक म्हणून माझ्या मते एकच नोंद मोलाची ठरली: आमच्या उद्योजक संघटनेच्या सभासद यादीतली. तिथे नाव यायला वर्गणी लागते, कारखाना प्रत्यक्षात असावा लागतो आणि यादी पाहणारा माणूस याच धंद्यातला असतो. त्या यादीवरून वेबसाइटवर आलेल्यांची संख्या थोडी आहे, पण ते यंत्रांच्या क्षमतेचे पान शेवटपर्यंत वाचतात आणि फोनवर बोअरची (भागात कोरायच्या गोल छिद्राची) मापे घेऊनच बोलतात.

फुकटच्या निरुपयोगी नोंदी मी तशाच सोडून दिल्या आहेत. २०१६ पासून पेंग्विन अशा लिंकबद्दल शिक्षा करण्याऐवजी बहुधा त्यांकडे दुर्लक्षच करतो, त्यामुळे गूगलच्या डिसअव्हाउ साधनातून त्या नाकारण्याचा खटाटोप आमच्यासारख्या लहान साइटला गरजेचा वाटला नाही. व्यापारी डिरेक्टरीच्या पॅकेजची मुदत येत्या महिन्यात संपते. ते पुन्हा घेणार नाही, फुकटची नोंद मात्र राहू देईन. वाचलेल्या पैशांतून वेबसाइटवर केलेल्या कामांचे फोटो आणि मापांच्या मर्यादांचा तक्ता टाकायचे ठरवले आहे, कारण संघटनेच्या यादीवरून येणारी माणसे सर्वांत आधी तेच मागतात.