क्लासिक ३५० की स्पीड ४००: उन्हाळ्यात कोणतं इंजिन बरं?

रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० घ्यावी की ट्रायम्फची स्पीड ४००, असं एप्रिल-मेमध्ये कोणालाही विचारा. "एअर-कूल्ड नको रे, आपल्याकडच्या उन्हात तापते" हे उत्तर हमखास मिळतं. एअर-कूल्ड म्हणजे वाऱ्याने थंड होणारी, इथे क्लासिक; स्पीड लिक्विड-कूल्ड, म्हणजे द्रवाने थंड होणारी. क्लासिक तापते हे खरंच. पण तो बिघाड नव्हे, आणि त्यात उन्हाचा वाटा लोकांना वाटतो तेवढा नाही.

एअर-कूल्ड इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरचा वरचा भाग, १५०-२०० अंशांपर्यंत सहज जातं. ते १८० वर आहे असं धरू. बाहेर ३० अंश असतील तर फरक १५० चा, नागपूरच्या मेमध्ये ४५ असतील तर १३५ चा. उष्णता बाहेर पडते ती या फरकामुळे, म्हणजे घट फक्त दहा टक्के. स्पीडचा रेडिएटर (इंजिनातला गरम द्रव थंड करणारी जाळी) मात्र ९०-१०० अंशांवर काम करतो, त्यामुळे तोच हिशेब तिथे केला तर घट वीस टक्क्यांच्या वर जाते. तरी स्पीड ४०० तग धरते, कारण तिच्याकडे पंखा आहे आणि रेडिएटरची क्षमता राखून ठेवलेली असते. क्लासिकला पंखा नाही. तिचं तेल थोडी उष्णता वाहून नेतं, बाकी सगळी भिस्त वाऱ्यावर.

म्हणून मी थर्मामीटर बघत नाही, रस्ता बघतो. हिंजवडीच्या संध्याकाळच्या गर्दीत हाफ-क्लचवर रांगताना वारा लागतच नाही. तिथे क्लासिक नडगीला चटके देते आणि न्यूट्रलही पटकन सापडत नाही. पण फक्त पायांना गार वाटावं म्हणून लिक्विड-कूल्ड घेणार असाल तर थांबा. पंखा सुरू झाला की रेडिएटरची गरम हवा तुमच्याच पायांवर येते. इंजिन सुरक्षित राहतं, तुम्हाला गार वाटेलच असं नाही.

शिवाय दोन्ही इंजिनांचा स्वभाव वेगळा. क्लासिकचं ३४९ सीसीचं इंजिन जेमतेम २० पीएस ताकद देतं, कॉम्प्रेशन (जळण्याआधी मिश्रण किती दाबलं जातं ते) ९.५:१. स्पीडचं ३९८ सीसीचं इंजिन ४० पीएस, कॉम्प्रेशन १२:१. एवढी ताकद काढायची तर कूलंट (थंड करणारा द्रव) लागतोच, तो चैनीसाठी नाही. क्लासिकवर मुळात ताण कमी, म्हणून तिचं हवा-तेलावर भागतं. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे आणि समृद्धी दुचाकींना बंदच आहेत. जुन्या हायवेवर ८०-९० ने जायला क्लासिक भर उन्हातही पुरते.

देखभालीत क्लासिक सोपी. १५डब्ल्यू-५० ग्रेडच्या इंजिन तेलाची पातळी बघत राहा आणि फिन्समध्ये (इंजिनावरच्या पातळ पट्ट्यांमध्ये) चिखल साचू देऊ नका. स्पीडला कूलंट, होज, पंखा हे सगळं सांभाळावं लागतं.

गाडी बंद केल्यावर येणारी टिकटिक म्हणजे धातू थंड होतोय, घाबरू नका. चढावर इंजिन खडखडलं, जोर उतरला किंवा तेल भराभर कमी झालं, तर मात्र गॅरेज गाठा. आणि तापलेल्या इंजिनावर पाणी कधीही ओतू नका.

रोज तासभर गर्दीत रांगणार असाल किंवा गाडी पिळून चालवणार असाल, तर स्पीड ४०० घ्या. गाव, घाट आणि मोकळा रस्ता असेल तर माझं मत बिनदिक्कत क्लासिकला. टेस्ट राइड मात्र दुपारी दोनला घ्या, आणि शोरूमवाल्याला गर्दीचा रस्ता मागा.