आर्या, खलीसी की आर्वेन? कल्पनाकथेतलं नाव निवडताना

बाळासाठी एखाद्या फॅन्टसी कथेतलं नाव मनात घोळत असेल, तर आधी एवढंच बघा: ते नाव कथेच्या आधीपासून लोकांत होतं, की लेखकानेच घडवलं? माझ्या मते निम्मा निकाल तिथेच लागतो.

‘गेम ऑफ थ्रोन्स’ या टीव्ही मालिकेतलं खलीसी हे तर नावच नव्हे, टोळीच्या सरदाराच्या बायकोला मिळणारा किताब. पात्राचं नाव डेनेरिस. तरी २०१८ साली अमेरिकेत ५६० मुलींची नावं खलीसी नोंदवली गेली. डेनेरिस त्याहून बऱ्याच कमी. गुलामांना सोडवणारी, ड्रॅगन सांभाळणारी राणी कुणाला आवडणार नाही? पण मालिका अजून चालू होती. मे २०१९ मध्ये, शेवटून दुसऱ्या भागात, याच राणीने शरण आलेलं शहर जाळून टाकलं. तोवर पोरींचे जन्मदाखले निघाले होते! पुढे २०२४ मध्ये इंग्लंडात एका छोट्या खलीसीचा पासपोर्ट अडला: नाव ट्रेडमार्क आहे, कंपनीची परवानगी आणा. चूक लक्षात आल्यावर पासपोर्ट कार्यालयाने माफी मागितली, पण आईबापांना मनस्ताप झालाच.

त्याच मालिकेतली आर्या मात्र सुखात आहे. २०१८ सालीच अमेरिकेत अडीच हजारांहून जास्त आर्या जन्मल्या. आपल्याकडे तर हे देवीचं नाव. आजीला ड्रॅगनबिगन काही सांगावं लागत नाही. अडचण एवढीच की इंग्रजी स्पेलिंगवरून आर्य की आर्या ते कळत नाही, आणि वर्गात आणखी एक आर्या असण्याची शक्यता दाट.

आर्वेन ही ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणाऱ्या टॉल्किनची. त्याने कथेतल्या एल्फ लोकांच्या भाषाच रचल्या, आणि हे नाव ज्या भाषेतलं, तिचा नाद त्याने वेल्श या वेल्सच्या जुन्या भाषेवरून घेतला. म्हणून नवं असूनही ते जुनं वाटतं. गोष्ट १९५५ सालीच पुरी झाली, त्यामुळे नायिका पुढे बिघडायची भीती नाही. लाडाने आर्वी म्हणाल, तर ‘वर्ध्याजवळची का?’ हा विनोद ऐकायची तयारी ठेवा.

जुनं ते सुरक्षित, असंही सरसकट नाही. हर्मायनी ग्रीक पुराणातली, शेक्सपिअरच्या नाटकातलीही. पण आज ऐकणाऱ्याला हॅरी पॉटरची मैत्रीणच दिसते. उलट वेंडी हे नाव १९०४ च्या ‘पीटर पॅन’ नाटकाने रुजवलं, आणि आता ते कुणाला कथेतलं वाटतही नाही.

माझं मत आर्वेनला. ज्यांनी वाचलंय त्यांनाच खूण पटते. चारचौघांत वेगळं दिसायचं नसेल तर आर्या. पाश्चात्त्य आईबाप असली धाडसी नावं मधल्या नावात खपवतात. आपल्याकडे ती जागा वडिलांची. तेव्हा खलीसीच हवं असेल, तर बारशाला आत्याला ते कानात सांगू दे, दाखल्यावर दुसरं घाला.