'कोट्यातला फ्लॅट' आणि माझे 1 लाख 80 हजार

फोंड्यातलं आमचं घर जुनं, चिऱ्याचं. पुढे तीन पायऱ्या, मग उंबरठा, न्हाणीघर मागच्या दारी. अपघाताला सात वर्षं झाली, मी व्हीलचेअरवर असते. तेव्हापासून वहिनीच्या हाताशिवाय मी आंघोळीला जाऊ शकलेले नाही. तिनं कधी कपाळाला आठी घातली नाही. तरी आपली आंघोळ दुसऱ्याच्या सवडीवर ठरते, हे रोज मनाला लागतं. मला एकटीनं राहता येईल असं घर हवं होतं. हे ज्याला कळलं, त्यानेच मला लुबाडलं.

त्या एजंटचा नंबर ओळखीतूनच मिळाला होता. तो म्हणाला, "ताई, 2016चा दिव्यांगांचा कायदा आहे, कलम 37. घरांत 5 टक्के आरक्षण, त्यातही बायकांना आधी. पर्वरीला कोट्यातले दोनच फ्लॅट उरलेत." मी कायदा काढून वाचला. कलम 37 खरंच आहे, 5 टक्केही खरे, आणि तिथेच माझा विश्वास बसला. पण ते आरक्षण सरकारच्या आणि स्थानिक संस्थांच्या योजनांतल्या घरांसाठी आहे. त्या कलमानं खासगी बिल्डरच्या इमारतीत कसला कोटा ठेवलेला नाही. योजनेतलं घर मिळायचं तर अर्ज थेट त्या खात्याकडे करायचा असतो, एजंट ते बुक करून देऊ शकत नाही. हे मी नीट वाचलं नाही.

मग त्यानं व्हिडिओ पाठवला. बाथरूमच्या दाराला आडवी धरलेली पिवळी टेप, 90 सेंटिमीटर. आत कमोडशेजारी स्टीलची दांडी. माझी व्हीलचेअर 63 सेंटिमीटर रुंद. तो व्हिडिओ मी किती वेळा पाहिला असेन! रात्री अंथरुणात पडून मनातल्या मनात त्या दारातून आत जायची.

प्रत्यक्ष बघायला येते म्हटलं की, "लिफ्टचं काम चाललंय, तुम्हाला धुळीत कशाला त्रास?" मला ती काळजी वाटली. आधी 30 हजार 'फाईल फी' घेतली. गणेश चवथीच्या आदल्या दिवशी फोन आला, "संध्याकाळी कोटा बंद." घरात गणपतीच्या वर फळा-फुलांची माटोळी बांधायची गडबड चालली होती. कुणाला न विचारता मी दीड लाख पाठवले. चार दुकानांचे हिशेब लिहून साठवलेले पैसे होते ते. आधार, यूडीआयडी कार्ड म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, पासबुक, सगळ्याच्या प्रती दिल्या त्या वेगळ्याच.

चवथीनंतर फोन बंद. भाच्याला घेऊन पर्वरी गाठली. इमारत होती, पण फाटकातच चार पायऱ्या. उताराचा पत्ता नाही. भाच्यानं आणि वॉचमननं मला खुर्चीसकट उचलून वर नेलं, तर खुर्ची लिफ्टच्या दारातच अडली. वॉचमन म्हणाला, "इथले फ्लॅट केव्हाच विकले गेलेत, बाई." व्हिडिओतलं घर कुठलं, ते मला आजही ठाऊक नाही. पावतीवरचा रेरा क्रमांक, म्हणजे गृहप्रकल्पाचा सरकारी नोंदणी क्रमांक, घरी येऊन गोवा रेराच्या संकेतस्थळावर टाकला. तो सासष्टीतल्या भलत्याच प्रकल्पाचा निघाला. दोन मिनिटांचं काम, आधी केलं असतं तर!

पोलीस चौकीत सगळे प्रश्न भाच्याला. मी बोलले, पैसे माझे गेलेत, तक्रार मी देतेय, मला विचारा. मग लिहून घेतली. पैसे अजून आलेले नाहीत. ऑनलाइन पैसे गेले की 1930 या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर त्याच घडीला फोन करायचा असतो, म्हणजे रक्कम पुढे जायच्या आत अडवता येण्याची आशा असते. मी बाराव्या दिवशी केला.

आपल्यातलं कुणी घर शोधत असेल तर स्वतःच्या खुर्चीतून आत जाऊन या, मगच पैशांचं बोला. फाटकापासून न्हाणीपर्यंत, आणि दार आतून लावून बघा. उतार असेल तर तोही मोजा, एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते. कागदाच्या प्रतीवर ती कशासाठी दिली ते आडवं लिहा, तारीख घाला. भाऊ-वहिनीला सांगितलं तर 'कशाला एकटी राहतेस' म्हणतील, म्हणून मी लपवलं. तुम्ही लपवू नका. कुठे आणि कुणाबरोबर राहायचं हे ठरवायचा हक्क आपल्याला त्याच कायद्यानं दिलाय, त्यात चोरून करण्यासारखं काही नाही.

माझ्या पावतीवर जांभळा गोल शिक्का आहे, मध्ये व्हीलचेअरचं चिन्ह, खाली 'दिव्यांग गृह कोटा'. तसाच शिक्का तुमच्या कागदावर असेल तर पोलिसांत तक्रार द्या. सध्या त्याच्याविरुद्ध मी एकटीच आहे.