झीरो पर्सेंटचं बॅलन्स ट्रान्सफर कार्ड: वर्षभराचा अनुभव, मधल्या एका चुकलेल्या पेमेंटसकट

अमेरिकेतल्या एका मोठ्या बँकेचं हे कार्ड. नाव देत नाही, कारण जे लिहितेय ते या प्रकारच्या बहुतेक कार्डांना लागू पडेल. आमच्या जुन्या कार्डावर सहा हजार डॉलर साचले होते आणि त्यावर पंचवीस टक्क्यांनी व्याज चढत होतं, म्हणजे महिन्याला सव्वाशे डॉलर नुसते व्याजात. ही उधारी नव्या कार्डावर हलवायची, म्हणजे बॅलन्स ट्रान्सफर. नव्या कार्डाची ऑफर अशी होती: ट्रान्सफर केलेल्या रकमेवर १८ महिने शून्य टक्के, आणि ट्रान्सफर फी ३ टक्के. फीचे १८० धरून ६,१८० झाले. अठरांनी भागले की महिन्याला ३४४. फी दीड महिन्याच्या व्याजातच वसूल झाली, त्यामुळे घेतल्याचा पश्चात्ताप नाही.

काही गोष्टी मात्र आधी कोणी सांगितल्या असत्या तर बरं झालं असतं. माझ्या कार्डावर ते १८ महिने खातं उघडल्यापासून मोजले जातात, पैसे ट्रान्सफर झाल्यापासून नाही. ट्रान्सफरला आठवडे जातात, तोवर जुन्या कार्डाचं मिनिमम (दरमहा भरावीच लागणारी किमान रक्कम) भरत राहावंच लागतं. आणि जुनं कार्ड शून्यावर आलं असं वाटल्यावरही पुढच्या स्टेटमेंटमध्ये मधल्या दिवसांचं थोडं व्याज येतं. तेही भरून टाकायचं.

सगळ्यात मोठी मेख खरेदीत आहे. माझ्या कार्डावर शून्य टक्के फक्त ट्रान्सफरला आहे, खरेदीला नेहमीचा दर, सत्तावीसच्या आसपास. शिवाय दर महिन्याला पूर्ण बॅलन्स फेडत नसल्यामुळे खरेदीला ग्रेस पीरियड (बिनव्याजी मुदत) मिळत नाही, व्याज खरेदीच्या दिवसापासून सुरू. मी सुरुवातीलाच कार्ड ड्रॉवरमध्ये टाकलं. ज्यांच्या ऑफरमध्ये खरेदीही शून्यावर आहे त्यांना हा त्रास नाही, पण करारातली ती ओळ शोधून वाचाच.

आता चुकलेल्या पेमेंटबद्दल. ऑटोपे, म्हणजे बँक खात्यातून आपोआप जाणारं पेमेंट, दरमहा ३४४ वर लावला होता. मध्यंतरी ते चेकिंग खातं (रोजच्या व्यवहाराचं बँक खातं) बदललं, ॲपमध्ये नवं खातं जोडलं, ॲपने हिरव्या अक्षरांत ‘ऑटोपे ॲक्टिव्ह’ दाखवलं. पण त्या महिन्याचं पेमेंट आधीच जुन्या खात्यावर रांगेत लागलेलं होतं आणि नवं खातं पुढच्या बिलिंग सायकलपासून, म्हणजे पुढच्या महिन्याच्या बिलापासून लागू होणार होतं. हे बारीक अक्षरांत कुठे तरी असेलही, पण खातं बदलण्याच्या स्क्रीनवर नव्हतं. जुनं खातं बंद झालेलं. पेमेंट आधी ‘मिळालं, धन्यवाद’ म्हणून जमा दिसलं, मग दोन-तीन दिवसांनी उलटलं. ईमेल आला तो ‘तुमच्या खात्यात बदल’ असल्या गुळमुळीत विषयाचा. या ॲपला मी पाचपैकी दोन देते, आणि ते एवढ्यासाठीच.

लक्षात आलं तेव्हा ड्यू डेट उलटून दोन आठवडे झाले होते आणि ३० डॉलर लेट फी लागली होती. तीस डॉलरचं दुःख नव्हतं. भीती ही की शून्य टक्के गेलं, आणि उरलेल्या पावणेपाच हजारांवर आता सत्तावीस टक्के लागणार. ओळखीतल्या दोघांनी तर छातीठोकपणे सांगितलं, ‘एक पेमेंट चुकलं की प्रमोशन गेलंच.’

ते बरोबर नाही. एके काळी तसं होतं, एका उशिरावर बँका ऑफर गुंडाळून दंडाचा दर लावत. २००९ साली कार्ड ॲक्ट हा क्रेडिट कार्डांबद्दलचा अमेरिकी कायदा आला, त्याच्या बहुतेक तरतुदी फेब्रुवारी २०१० पासून लागू झाल्या, आणि त्यानंतर आधीच्या बॅलन्सवरचा प्रमोशनल दर बँकेला मुदतीआधी काढून घ्यायचा असेल, तर मिनिमम पेमेंट ड्यू डेटनंतर ६० दिवसांतही पोचलेलं नसावं लागतं. त्यातही ४५ दिवसांची नोटीस द्यावी लागते. दर वाढवल्यानंतरची पहिली सहा मिनिमम पेमेंट सलग वेळेवर केली तर जुना दर परत द्यावा लागतो, पण तोवर प्रमोशनची मुदतच संपत आली असेल तर त्याचा उपयोग फारसा नाही.

क्रेडिट रिपोर्टचं घड्याळ वेगळं चालतं. फी पहिल्या दिवसापासून लागू शकते, पण पेमेंट ३० दिवस थकल्याशिवाय एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन या क्रेडिट रिपोर्ट ठेवणाऱ्या कंपन्यांकडे उशीर म्हणून नोंद जात नाही. एकदा गेली की सात वर्षं राहते, आणि फायको स्कोअरचा (कर्ज देणारे बघतात त्या पत-गुणांचा) ३५ टक्के भाग पेमेंटच्या इतिहासाचा असतो. म्हणजे दोन आठवड्यांवर असलेल्या माणसाने व्याजदराची चिंता करत बसण्यापेक्षा तिसावा दिवस यायच्या आत पैसे भरावेत. मी आधी पैसे भरले, मग फोन केला. हा क्रम महत्त्वाचा वाटतो, कारण थकबाकी समोर दिसत असताना फी माफ करा म्हणणं जड जातं.

भरताना मिनिमम न भरता पूर्ण ३४४ भरले, वर फीचे तीस. मिनिममच्या वरचे पैसे बँकेला आधी सगळ्यात जास्त दराच्या बॅलन्सला लावावे लागतात, हाही त्याच कायद्याचा नियम. लेट फी खरेदीच्या बॅलन्समध्ये जाऊन बसते आणि तिच्यावर सत्तावीस टक्के चालू होतात, त्यामुळे ती आधी फिटलेली बरी. पुढे फी परत मिळाली तरी तिच्यावर चढलेलं काही सेंट व्याज पुढच्या स्टेटमेंटवर दिसलंच. काही सेंट! त्यासाठी पुन्हा फोन केला नाही.

फोनवरची बाई सौजन्याने बोलली. पहिलीच वेळ आहे, आधीची सगळी पेमेंट वेळेवर आहेत आणि पैसे भरून झालेत, एवढं सांगितल्यावर तिने फी परत केली. बँकेवर तसं बंधन नाही, ती त्यांची मर्जी. पेमेंट उलटल्याची वेगळी फी लागणार का, हेही विचारून घेतलं. एकाच घटनेसाठी उशिराची आणि उलटलेल्या पेमेंटची अशा दोन फी लावता येत नाहीत, आणि लावलीही नव्हती. जाता जाता: सीएफपीबी या ग्राहकांच्या आर्थिक हक्कांसाठीच्या सरकारी संस्थेने २०२४ मध्ये मोठ्या बँकांची लेट फी ८ डॉलरवर आणायचा नियम केला होता. तो लागू होण्याआधीच अडवला गेला आणि २०२५ मध्ये कोर्टाने रद्द केला. त्यामुळे आठ डॉलरची जुनी बातमी वाचून बँकेशी वाद घालायला जाऊ नका. सहा बिलिंग सायकलच्या आत पुन्हा तसंच झालं तर फी आणखी वाढू शकते. मात्र फी थकलेल्या मिनिममपेक्षा जास्त असू शकत नाही.

शेवटी तिला विचारलं, ‘माझा प्रमोशनल दर कायम आहे ना, आणि कोणत्या तारखेपर्यंत?’ ती हो म्हणाली. तरी फोन ठेवल्यावर ॲपमधल्या सिक्युअर मेसेजमधून तोच प्रश्न लेखी पाठवला आणि तारखेसकट उत्तर घेतलं. पुढच्या स्टेटमेंटवर दरांचा तक्ता असतो, त्यात ट्रान्सफरसमोर शून्य टक्के आणि तीच तारीख दिसली.

त्यानंतरचे महिने बिनघोर गेले. ऑटोपे आहेच, पण ड्यू डेटच्या तीन दिवस आधी फोनवर आठवण लावली आहे, आणि पेमेंट जमा दिसल्यावर आठवड्याने पुन्हा एकदा ॲप उघडते. खातं बदलायचं असेल तर जुनं खातं एक पूर्ण सायकल चालू ठेवायचं, एवढा बदल केला.

एक इशारा द्यायलाच हवा, कारण वरचं सगळं वाचून कोणी स्टोअर कार्डाबाबतही निर्धास्त राहील. फर्निचरच्या दुकानात किंवा डेंटिस्टकडे जी ऑफर मिळते तिची भाषा नीट बघा. ‘झीरो पर्सेंट इंट्रो एपीआर’ (सुरुवातीचा वार्षिक व्याजदर शून्य) वेगळं आणि ‘नो इंटरेस्ट इफ पेड इन फुल’ (मुदतीत पूर्ण फेडलं तरच व्याज नाही) वेगळं. दुसऱ्यात व्याज पहिल्या दिवसापासून मागे साचत असतं, फक्त आकारलेलं नसतं. २,४०० डॉलरचा सोफा, बारा महिने, दर तीस टक्के, आणि शेवटी शंभर डॉलर उरले, तर व्याज त्या शंभरावर लागत नाही, वर्षभराच्या बॅलन्सवर लागतं: चारशेच्या आसपास. तिथे एखादं पेमेंट चुकण्यापेक्षा शेवटची तारीख चुकणं महागात पडतं. मिनिमम भरत राहिल्याने ते फिटेल असंही नाही, मिनिमम बहुतेकदा तेवढं नसतंच.

आमच्या घरात असं एक कार्ड आहे, नवऱ्याच्या नावावर. या प्रकरणानंतर त्याचं स्टेटमेंट काढून बघितलं, तर प्रमोशन संपायची तारीख त्या महिन्याच्या ड्यू डेटच्या आठवडाभर आधीची निघाली. ऑटोपे ड्यू डेटला जातो. उरलेले तीनशे डॉलर आम्ही त्याच संध्याकाळी भरून टाकले.